शेंदूर लावलेला तोफगोळा

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना तोफगोळा आहे. न फुटलेला.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. माझी आई हॉवित्झर जातीची भारी तोफ. आखूड मान, तोंड कायम आभाळाकडे. पहिल्या महायुद्धात तिने मला डोंगरापलीकडे फेकलं, तेव्हा सगळ्यांनी तिची वाहवा केली. मी चिखलात पडलो आणि फुटायचं राहून गेलो. माझ्या टोकाला पितळी टोपी आहे. तिच्यावर नीट ठोका बसला, की माझं उरलेलं काम पुरं होईल.

शंभर वर्षं चिखलात काढली. मग नांगराने वर काढलं, भंगारवाल्याने उचललं, आणि बोटीतून, ट्रकमधून मी जालन्याच्या, भंगार भट्टीत वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यात येऊन पडलो.

इथला मुकादम धुळाजी. त्याने माझा आकार पाहिला आणि हात जोडले. "हे भंगार न्हाई. देव हाय." मला अंगणात उभं करून शेंदूर फासला. तेव्हापासून दर मंगळवारी माझ्या टोपीवर नारळ फुटतो. एवढा मान मला फ्रान्समध्येही मिळाला नव्हता.

धुळाजीची बायको आसराबाई माझ्या शेजारीच बसून भंगार निवडते. काही झालं, तर पहिली तीच.

आज खंडेनवमी. नारळ तीनदा आपटला, फुटेना. भंगार निवडणाऱ्या बाया कुजबुजू लागल्या.

"टोपी वाकडी झाली," धुळाजी म्हणाला. "घण आणा रे, सरळ करतो."

घण वर गेला. आसराबाईने दांडा धरला.

"आवो, येड लागलं का? देवाच्या डोक्यात घण घालून राह्यले!"

"मंग फुटंना का नारळ?"

"तुमच्यावाणीच आडमुठा हाय त्यो. सोडा आधी."

सगळे हसले. धुळाजीने घण खाली ठेवला, स्वतःचे कान धरले. मीही सुटकेचा श्वास सोडला असता.

मग आसराबाई विचार करून म्हणाली, "देव रुसलाय. उन्हापावसात उघडा बसिवलाय त्याला. आत घ्या, छपराखाली."

"बराबर!" धुळाजीचा चेहरा उजळला. "भट्टीच्या तोंडापाशी बसवू. आपल्यासंगं तिथंच राहील."

चौघांनी मला उचललं. आसराबाई पुढे पाण्याचा सडा टाकत चालली. भट्टीपाशी मला बसवून तिने माझ्याच सावलीत आपलं पोतं अंथरलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण ती वस्तू मुळात कशासाठी घडवली होती, एवढं आधी कुणाला तरी विचारा. आणि जरा लवकर विचारा. आसराबाई अजून इथेच बसली आहे, आणि माझी टोपी तापू लागली आहे.