मायलेजची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे. माझ्या पोटात स्टीलचे सोळा पत्रे आहेत आणि मनात एका माणसाविषयीचा राग आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात, असं मी ऐकलं आहे. मी कुणाला माफ केलेलं नाही. ते आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म पिण्याचं पाणी गाळण्यासाठी झाला होता. स्वयंपाकघरातल्या फिल्टरला जे जाड, पारदर्शक भांडं असतं ना, ते मी. पण माझ्यासारखी शंभर भांडी सोलापूरच्या एका माणसाने घाऊक उचलली. त्याचं नाव अनिलकुमार. अक्कलकोट रोडला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. तो स्वतःला संशोधक म्हणवून घ्यायचा आणि लोकांना सांगायचा की माझी बाटली गाडीला बसवा, पेट्रोल निम्मं लागेल.

मला घडवलं ते मात्र ईश्वरप्पांनी. ते त्याच्याकडे लेथवर काम करायचे. मूळचे दुधनीचे, बोलताना मध्येच कानडीत शिरायचे. त्यांनी पत्रे कापले, कडा घासल्या, दोन पत्र्यांमध्ये सारखं अंतर ठेवलं. मग माझ्यात पाणी आणि कॉस्टिकची, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याची, पूड घालून त्यांनी तारा जोडल्या. पत्र्यांवरून बुडबुडे सुटले आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन नळीतून वर चढले. मला फार अभिमान वाटला. पुढे गाडीच्या इंजिनाला जोडायच्या त्या नळीत ईश्वरप्पांनी पितळेची एक छोटी झडप बसवली. इंजिनातून जाळ मागे फिरला तर तो माझ्यापर्यंत पोचू नये, एवढंच तिचं काम. पहिल्या पाच बाटल्यांना ती बसली. सहावीपासून अनिलकुमारने ती बसवणं बंद करायला सांगितलं, कारण तिच्यामुळे काम लांबायचं. ईश्वरप्पा म्हणाले, झडप पाहिजे. तो म्हणाला, ग्राहकाला झडप दिसत नाही, बुडबुडे दिसतात.

मी सहावी होते.

मला विकत घेतलं नंदूने. तो शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी होटगी रोडच्या बाजूची बारा मुलं घ्यायची, शाळेत सोडायची, दुपारी परत घरी पोचवायची. मुलं त्याला नंदूकाका म्हणायची. त्याने मला बॉनेटखाली बसवून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात स्टँडवर सांगत सुटला की मायलेज वाढलं.

मायलेज वाढलं होतं, हे खरं आहे. पण मित्रांनो, त्यात माझा हात नव्हता. मला चालायला वीज लागायची ती बॅटरीची. बॅटरी भरायचं इंजिन, आणि इंजिन प्यायचं पेट्रोल. म्हणजे माझा सगळा वायू शेवटी त्याच पेट्रोलमधून यायचा, आणि तोही वाटेत बराच सांडून. नंदूला मात्र आशा लागली होती. त्यामुळे तो ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवायला लागला, सिग्नलला इंजिन बंद करायला लागला. पेट्रोल वाचवलं त्याच्या पायाने आणि कौतुक झालं माझं. मला तेव्हा ते आवडलं, हे कबूल करते.

नंदूची बायको प्रभा मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. तिने दोनदा सांगितलं की टाकी काठोकाठ भर, ठरावीक अंतर चालव, पुन्हा काठोकाठ भर, मग बोल. महिनाभर बाटली लावून, महिनाभर काढून. नंदू हसून उडवायचा. त्याचं ऐकून स्टँडवरच्या तिघांनी माझ्या बहिणी बसवून घेतल्या. चौथा होता टेंभुर्णीचा बिभीषण. तो नंदूचा जुना मित्र. त्याने नंदूच्या शब्दाखातर आपल्या टेम्पोला बसवली.

ते एप्रिलमधल्या एका दुपारी घडलं. शेवटच्या मुलीला सोडून नंदू परत येत होता. आसरा चौकाच्या पुढे गाडी खोकायला लागली. त्याने ती कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उचललं आणि कुठला आवाज येतोय म्हणून माझ्यावर वाकला. त्याच क्षणी इंजिनाने उलटा ठसका दिला. जाळ नळीतून मागे आला. वाटेत त्याला अडवणारं काही नव्हतं.

माझं झाकण फुटलं आणि माझ्या पोटातलं सगळं कॉस्टिक त्याच्या तोंडावर उडालं.

मी काही करू शकत नव्हते. तो रस्त्यावर बसला, दोन्ही हातांनी डोळे चोळायला लागला. पलीकडच्या माळावर गोजाबाई नावाच्या एक आजी शेरडं चारत होत्या. त्या धावत आल्या, त्याचे हात बाजूला केले आणि आपला पाण्याचा कॅन त्याच्या डोळ्यांवर ओतायला लागल्या.

"डोळं मिटू नगं, बाबा," त्या म्हणत होत्या. "पानी आत जाऊ दे. रडतुयास तर रड, पन मिटू नगं."

कॅन संपला तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून जवळच्या गॅरेजच्या नळाखाली नेलं आणि रिक्षा मिळेपर्यंत तिथून हलू दिलं नाही. पुढे डॉक्टरांनी प्रभाला सांगितलं की त्या पाण्यामुळेच उजवा डोळा राहिला. डावा गेला.

नंदूचा प्रवासी गाडी चालवण्याचा परवाना गेला. व्हॅन विकावी लागली. पण त्याला त्याहून जास्त एक गोष्ट खायची. तो प्रभाला म्हणायचा की मीच चौघांना सांगितलं, उद्या त्यांच्यातल्या कुणाचं असं झालं तर?

दीड महिन्याने प्रभा मला पिशवीत घालून अनिलकुमारकडे गेली. तिला वाटलं होतं, तो निदान विचारपूस करेल. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरने एक चमचा पुडीच्या जागी दोन टाकले असतील, म्हणाला. प्रभाने सांगितलं की पुड्या तुमच्याकडून मोजून, बंद करून येतात. तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला.

"बाई, हे शास्त्र आहे," तो म्हणाला. "तुमच्या लक्षात यायचं नाही."

अठरा वर्षं जी बाई मुलींना हायड्रोजन ओळखायला शिकवायला मदत करत होती, तिला तो हे म्हणाला. आणि मला तो भंगार म्हणाला. नंतर स्टँडवर त्याने पसरवलं की नंदूला चमचा मोजता येत नाही. माझा राग त्या दिवसापासूनचा. मला एकच हवं होतं. पुन्हा एकदा पोट भरून कॉस्टिक, आणि समोर अनिलकुमारचा चेहरा.

प्रभाच्या मनातही तेच होतं. तुम्हाला खोटं सांगणार नाही. तिने ईश्वरप्पांना शोधून काढलं. त्यांनी तोवर ते वर्कशॉप सोडलं होतं. झाकणाविषयी ऐकलं तेव्हा त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"मी सांगितलो होतो, अक्का," ते म्हणाले. "झडप पाहिजे म्हणून सांगितलो. ऐकला नाही तो. मी पण मग गप्प बसलो. ते चुकलं माझं."

फुटलेलं झाकण प्रभाने जपून ठेवलं. ईश्वरप्पांनी मला दुसरं नवं झाकण करून दिलं.

रविवारी अनिलकुमारचं प्रात्यक्षिक होतं, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रभाने प्रयोगशाळेत हातमोजे घातले आणि कॉस्टिकची बरणी उघडली. मी टेबलावर, झाकण उघडून तयार. तिचा चमचा माझ्या तोंडापर्यंत आला. मी मनात म्हणत होते, टाक. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मग तिने चमचा परत बरणीत रिकामा केला, मला व्हिनेगरने आणि साध्या पाण्याने तीन-चारदा विसळलं आणि नळाखाली धरलं. मी तिच्यावर इतकी चिडले की विचारू नका. नुसतं पाणी घेऊन कुणी सूड घ्यायला जातं का?

रविवारी कार्यालय भरलेलं होतं. रिक्षावाले, टेम्पोवाले, दोन-तीन शिक्षकही. अनिलकुमारने स्टेजवर नवी बाटली लावली, तिचा वायू साबणाच्या पाण्यात सोडला, काडी लावली. फट्ट आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. मग त्याने माइकवर विचारलं की कुणाला काही शंका आहे का.

प्रभा उठली. तिच्या मागे काळा चष्मा लावलेला नंदू. तिने मला पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि ही तुमचीच बाटली ना, असं विचारलं. माझ्यावर त्याचं स्टिकर होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"मग तारा जोडा आणि काडी पेटवा," प्रभा म्हणाली. "आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा होता तेवढ्या जवळ तुमचा आणा. एवढंच करा. मी पहिली टाळी वाजवते."

तो हसला. लोक हसले नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं की दाखवा की साहेब. त्याने माझ्यातलं पाणी पाहिलं, नळी पाहिली आणि दोन पावलं मागे सरकला. तेव्हा प्रभाने त्याच्या बॅटरीच्या तारा मला जोडल्या आणि आपल्या पिशवीतून काडेपेटी काढली.

"थांबा," तो म्हणाला. माइक त्याच्या हातातच होता. "यात कॉस्टिक आहे. झडप नाही. तोंडावर फुटेल."

सगळ्या कार्यालयाने ते ऐकलं, त्याच्याच आवाजात.

प्रभाने काडेपेटी खाली ठेवली, तारा सोडवल्या. माझं झाकण काढलं, ओंजळ भरून माझ्यातलं पाणी घेतलं आणि सावकाश आपला चेहरा धुतला.

"नळाचं पाणी आहे," ती म्हणाली. "याला घाबरलात तुम्ही. खरं कॉस्टिक दुसऱ्यांच्या गाडीत भरताना नाही घाबरलात."

मग मागच्या रांगेतून ईश्वरप्पा उठले आणि त्यांनी झडपेची सगळी हकीकत सांगितली, स्वतः गप्प बसल्याचीसुद्धा. बाहेर उभ्या गाड्यांची बॉनेटं उघडू लागली. माझ्या बहिणी एक एक करून त्या टेबलावर येऊन बसल्या. अनिलकुमार मागच्या दाराने निघाला होता, पण तिथे रिक्षावाले उभे होते. पोलीस येईपर्यंत त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं, कुणी हात लावला नाही. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि ते मला पुरेसं गोड लागलं.

वर्कशॉपला सील लागलं. खटला चालू आहे आणि माझं फुटलेलं झाकण पुरावा म्हणून पोलिसांकडे आहे.

एक बाटली मात्र त्या टेबलावर आली नव्हती. बिभीषणची. नंदू मला घेऊन एसटीने टेंभुर्णीला गेला. बिभीषण ऐकेना. माझी चांगली चालते, तूच तर सांगितलंस, असं तो म्हणत राहिला. नंदूने वाद घातला नाही. त्याने आपला काळा चष्मा काढला आणि नुसता उभा राहिला. बिभीषणने त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. थोड्या वेळाने तो पाना घेऊन आला आणि बॉनेट उघडून स्वतःच बोल्ट सोडवायला लागला. नंदू त्याला सारखा सांगत होता की इंजिन थंड होऊ दे, तोंड लांब ठेव.

आता मी प्रभाच्या प्रयोगशाळेत, खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात असते. मुलींना हायड्रोजनचा प्रयोग दाखवायच्या दिवशी ती मला बाहेर काढते. प्रत्येकीच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा बसेपर्यंत ती काडी पेटवत नाही. एखादी म्हणते की मला चष्म्याने घाम येतो. तेव्हा प्रभा शांतपणे थांबते, आणि सगळा वर्ग थांबतो.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुणी निम्म्या पेट्रोलची गोष्ट सांगितली तर टाकी भरून मोजा, बुडबुडे बघून टाळ्या वाजवू नका. डोळ्यात काही उडालं तर चोळू नका, डोळा उघडा ठेवून पाणी ओतत राहा. आणि आपल्या शब्दावर कुणी विश्वास टाकला असेल आणि तो शब्द चुकीचा निघाला, तर नंदूसारखे स्वतः त्याच्या दारात जा.

अनिलकुमारला मी अजून माफ केलेलं नाही. नंदू पूर्वी मुलांना व्हॅनमधून उतरताना मोजायचा. आता तो आमच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहून मुलींना रस्ता ओलांडून देतो. गाड्या डावीकडून येतात तेव्हा त्याला सगळी मान वळवावी लागते. दिवसातून किती वेळा तो ती वळवतो, ते मी खिडकीतून बघत असते.