पिंपापलीकडचा बर्फ

"सव्वासहा!" एनॉस थार्प बर्फावर पालथा पडल्या पडल्या ओरडला. "लिहून घे."

"मला लिहिता येत असतं तर मी इथे गिरमिट फिरवत असतो होय?" टोबायस म्हणाला. "परत सांग. डोक्यात ठेवतो."

"सव्वासहा इंच. काल साडेपाच होता."

"म्हणजे माणूस जाईल, घोडा जाईल. पिठाची गाडी नाही जाणार."

"गाडीला बारा लागतात. तुझ्या जिभेला किती लागतात कोण जाणे."

एनॉसने टोकाला वाकवलेली सळई भोकातून वर ओढली आणि उठून बसला. टोबायसने भोकाशेजारी विलोची फांदी रोवली, वर दोन ओंजळी पाणी ओतलं. पाणी गोठलं की फांदी वाऱ्याने हलत नसे. मग तीस पावलं पुढे, पुन्हा गिरमिट, पुन्हा सळई. जानेवारीत मिसिसिपी गोठली की नावेचं काम बंद व्हायचं आणि हे सुरू व्हायचं. बर्फ रोज बदलत असल्यामुळे फांद्यांचा रस्ताही रोज नवा काढावा लागे. मिझूरी राज्याच्या काठाकडून जाणारी माणसं एनॉसच्या फांद्या बघून चालत, आणि अकरा वर्षांत त्यातलं एकही माणूस बुडालं नव्हतं. एनॉसला स्वतःबद्दल अभिमानाने सांगण्यासारखं एवढंच होतं.

टोबायस हॅडलीबाईंचा गुलाम. बाई त्याला दर वर्षी एनॉसकडे कामाला भाड्याने देत. दोघांचंही वय एक्केचाळीस. कॉलऱ्यात आईबाप गेल्यावर नऊ वर्षांच्या एनॉसला हॅडलींनी घरी आणलं होतं. तेव्हापासून पुढची सात वर्षं दोघं स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर एकाच गोधडीत झोपले. काठावर, लोकांसमोर, टोबायस त्याला 'मिस्टर एनॉस' म्हणायचा. बर्फावर आले की सरळ एनॉस.

नदीच्या मध्यावर एक रिकामं पिंप उभं केलेलं होतं. पिंपापलीकडे इलिनॉय. तिथे गुलाम ठेवत नसत, आणि मालकाच्या चिठ्ठीशिवाय कोणाचा गुलाम पलीकडे नेला तर नाववाल्याला शिक्षा होती. त्यामुळे टोबायसचं काम पिंपाशी संपायचं. पलीकडचा म्हातारा नाववाला फांद्या लावत नसे. त्याला वाट पाठ होती आणि माणसांना तो स्वतः सोबत करून न्यायचा. बर्फाची जाडी विचारायला एनॉस दर शुक्रवारी त्याच्याकडे जात असे.

त्या गुरुवारी पिंपाला टेकून दोघांनी मक्याची भाकरी आणि डुकराच्या मांसाचा थंड तुकडा खाल्ला.

"बाई मला विकतायत," टोबायस म्हणाला. "सोमवारी व्यापारी येतोय. न्यू ऑर्लीन्सला."

एनॉस भाकरी चावत राहिला. "कोणी सांगितलं?"

"बाईंच्या भाच्यानं, ऑरिननं, माझे दात बघितले. इतकी वर्षं ओळखतो तो मला, आणि काल तोंड उघडायला लावलं. त्याला म्हटलं, भाच्या, एवढं काय बघतोस, हेच दात तुला लहानपणी चावलेत."

"असं म्हणालास?"

"मनात."

वारा नव्हता. पलीकडच्या काठावर दोन शेंड्यांचं सिकॅमोरचं झाड स्पष्ट दिसत होतं.

"रविवारी सगळे प्रार्थनेला जातील," टोबायस म्हणाला. "मी पोटदुखीचं सांगून मागे राहीन. पिंपापर्यंतचा बर्फ मला माहितीये. पुढचा नाही. तू काही करू नकोस, एनॉस. फक्त पुढचा कुठे पेलतो तेवढं सांग."

"आणि व्हिनी?"

व्हिनी टोबायसची बायको. ती आठ मैलांवरच्या गिरणीवाल्याची गुलाम होती. चिठ्ठी मिळाली की तो तिला शनिवारी भेटून यायचा.

"तिला तिथून निरोप धाडता येईल. न्यू ऑर्लीन्सहून नाही येणार."

एनॉसने हातातला तुकडा संपवला, बोटं पुसली.

"सिकॅमोरच्या दोन शेंड्यांच्या मधे नजर ठेवून एकशे ऐंशी पावलं," तो म्हणाला. "तिथे थांबायचं. सरळ गेलास तर खाली झरा आहे. बर्फ दिसायला पांढरा, पण दोन इंचसुद्धा नाही. डावीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळायचं. नव्वद पावलं. मग काठाकडे."

"एकशे ऐंशी. डावीकडे नव्वद."

"माझी पावलं. तुझी लांब पडतात."

"आखडती टाकीन," टोबायस म्हणाला.

*

शनिवारी सकाळी चर्चच्या मंडळीची मासिक सभा होती. रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची पवित्र भाकरी, असलं की आदल्या दिवशी सभा व्हायचीच. ज्याच्या मनात पाप आहे त्याने ते सगळ्यांसमोर बोलायचं, मंडळी हात वर करून क्षमा करणार, आणि मगच त्याने दुसऱ्या दिवशी भाकरी घ्यायची. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, आणि मागच्या दोन बाकांवर मंडळीतले गुलाम. त्यांनाही सभेत बंधू आणि भगिनीच म्हणायचे.

एनॉस दोन दिवस जेवला नव्हता. न कबूल केलेलं पाप पोटात ठेवून जो भाकरी खातो तो स्वतःचा नाश खातो, हे त्याला हॅडलीबाईंनीच शिकवलं होतं. त्याच बाईंची मालमत्ता पळवायला त्याने वाट दाखवली होती. त्याच्या लेखी चोरीच ती. त्याने अनेक बाजूंनी विचार करून पाहिला, तरी तिला दुसरं नाव सापडलं नाही. भाकरी घेतली नाही तर चारचौघांच्या लक्षात येणार, आणि घेतली तर देवाच्या. त्याने ठरवलं होतं की एक वाक्य बोलायचं. नाव नाही, गाव नाही. एका वाक्याने भागेल.

"कोणाच्या मनात काही आहे का?" पाळक क्रॉस यांनी नेहमीसारखं विचारलं.

एनॉस उभा राहिला. "मी एका शेजाऱ्याच्या चोरीत मदत केली."

"केव्हा, बंधू?"

"गुरुवारी."

"शेजारी कोण?"

कोणीतरी शेगडीत लाकूड सारलं.

"बंधू थार्प," पाळक समजुतीने म्हणाले, "अर्धी कबुली आपण घेत नाही. ज्याचं नुकसान केलं त्याला ते कळायला हवं. तुम्हाला नियम माहीत आहे."

त्याला नियम माहीत होता. वीस वर्षं तो याच बाकावर बसून दुसऱ्यांना तो लागू होताना बघत आला होता.

"हॅडलीबाई," एनॉस म्हणाला.

"आणि काय चोरलं?"

"अजून चोरलेलं नाही. उद्या..." तो थांबला. मग त्याने सगळं सांगितलं. पावलांचे आकडेही सांगितले. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा बोलायला लागल्यावर काय गाळायचं ते त्याला ठरवता येईना. बोलताना त्याने मागे बघितलं नाही. मागचे दोन बाक इतके शांत होते की शेगडीचा आवाज तिथपर्यंत जाऊन परत येत होता.

बायकांच्या बाजूला हॅडलीबाई रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या. एनॉसला क्षमा करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत, असं पाळक म्हणाले, तेव्हा पहिला हात बाईंचा वर गेला.

मग रिवाजाप्रमाणे सगळी मंडळी रांगेने आली. प्रत्येकाने एनॉसचा उजवा हात हातात घेऊन "शांती असो, बंधू" म्हणायचं होतं. हॅडलीबाईंचा भाचा ऑरिन दाराला पाठ लावून उभा राहिला होता. रांग संपेपर्यंत तो जागचा हलला नाही, कारण मंडळीचं काम मधे तोडायची पद्धत नव्हती.

शेवटी मागचे बाक उठले. टोबायस रांगेत सहावा होता. त्याचा हात कोरडा होता, गिरमिटाच्या दांड्याने घट्टे पडलेला.

"शांती असो, बंधू एनॉस," तो म्हणाला, आणि पुढच्यासाठी बाजूला झाला.

परतताना एनॉसची बायको केटूरा घसरगाडीत त्याच्या शेजारी बसली होती.

"देवाला तर तू गुरुवारीच सांगितलंस," पूल ओलांडल्यावर ती म्हणाली. "गोठ्यात. मी ऐकलं. मग आज कोणाला सांगत होतास?"

एनॉसने लगाम सारखा केला.

*

रविवारी त्याने भाकरी घेतली. तिला चव नव्हती, पण तिला तशीही कधी नसते. दुपारी तो हॅडलींच्या मागच्या अंगणात गेला. मांसाला धुरी द्यायच्या कोठीला बाहेरून साखळी होती. फळ्यांमध्ये बोटभर फट होती.

"टोबायस."

"हं."

"मी..."

"तू जेवलास का?" आतून आवाज आला.

"नाही."

"मीही नाही. वर मांस टांगलंय आणि हात बांधलेत. बघ, काय थट्टा आहे."

एनॉस फळीला हात लावून उभा राहिला. आत खोकल्याचा आवाज आला.

"राग यायला पाहिजे," टोबायस म्हणाला. "वाट बघतोय त्याची. एक काम कर. व्हिनीला सांग की मला शिशाच्या खाणीवर भाड्याने पाठवलंय. नाताळला येईन."

"ते खोटं होईल."

"हो," टोबायस म्हणाला. "होईल."

*

सोमवारी व्यापारी टोबायसला घेऊन गेला. एनॉस मंगळवारी व्हिनीकडे गेला. गिरणीच्या मागे व्हिनी कढईत कपडे उकळत होती. टोपी हातात घेऊन त्याने निरोप सांगितला. शिशाची खाण. नाताळ.

"खाणीत?" व्हिनीने विचारलं. "त्याच्या छातीला धूळ सोसत नाही."

"खाली नाही उतरवत. वर असतो. वजनकाट्यावर."

"पायात काय आहे त्याच्या?"

"नवे बूट," एनॉस म्हणाला. आणि जरा थांबून, "मी दिले."

तिने काठीने कपडे खाली दाबले. "कळवत जा, मिस्टर थार्प," ती म्हणाली.

म्हणून तो कळवत गेला. पीठ न्यायला महिन्यातून एकदा गिरणीवर जावंच लागे. मार्चमध्ये टोबायसला मुकादमाने चुलीजवळची जागा दिली. जूनमध्ये त्याने एका आंधळ्या खेचराला माणसाळवलं. नाताळला खाणीच्या मालकाने त्याला पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी त्याचा खोकला गेला. एनॉसला आधी वाटेवर जुळवाजुळव करावी लागे, नंतर लागेनाशी झाली. शनिवारच्या सभेत पाळक विचारायचे, कोणाच्या मनात काही आहे का, आणि एनॉस खिडकीबाहेर बघत बसायचा. बर्फावर सोबतीला आता भाड्याचा दुसरा माणूस होता, तोही पिंपाशी थांबणारा. एनॉस त्याच्याशी आकड्यांपलीकडे बोलत नसे.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तो गेला तेव्हा व्हिनी चादरी धूत होती. त्याने टोपी काढली.

"बरा आहे," तो म्हणाला. "खाणवाल्याने त्याला आता..."

"मिस्टर थार्प," व्हिनी म्हणाली, "आता तो गेला असं सांगा."

एनॉसने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला त्याच रविवारी कळलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या सभेत मागचे दोन बाक भरलेले असतात. आमच्याकडच्या बातमीला तुमच्या फांद्या लागत नाहीत."

"मग तीन वर्षं ऐकत का राहिलीस?"

तिने हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. "तुम्ही सांगायचा त्यात त्याचं बरं चाललं होतं," ती म्हणाली. "बूट होते. चुलीजवळ जागा होती. पण मला आता त्याच्यासाठी एकदा मरणाचं गाणं गाऊन घ्यायचंय, आणि जिवंत माणसासाठी ते गात नाहीत. माझ्या मनानं त्याला मारायला माझी जीभ उचलत नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला सवय आहे."

गिरणीचं चाक फिरत होतं.

"गेला," तो म्हणाला.

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"कशानं?"

"तापानं."

"फार दिवस होता अंथरुणात?"

"नाही. दोनच दिवस."

व्हिनीने पाण्यातून चादर वर काढली. पाणी निथळून तिच्या पावलांवर पडत होतं.

"जवळ कोणी होतं का त्याच्या?"

एनॉसने तिच्याकडे पाहिलं.

"मी होतो," तो म्हणाला.

तिने चादरीचं एक टोक त्याच्यापुढे धरलं.

"धरा," ती म्हणाली.

त्याने टोपी गवतावर ठेवली, टोक दोन्ही हातांनी धरलं आणि चादर ताणली जाईपर्यंत मागे मागे गेला. ती एका बाजूने पीळ देऊ लागली, तो दुसऱ्या बाजूने. पाण्याची धार लागली, बारीक होत गेली, थेंब थेंब झाली. थेंबही थांबले तरी दोघं पीळ धरून उभी होती.