सूर्यभानची आई

बोरीतल्या बुद्धविहारामागे सूर्यभान राहत त्या गल्लीपर्यंत सरजाबाई तीनदा येऊन परत गेल्या होत्या. चौथ्या खेपेला त्यांनी आठवीतल्या नातीला, धम्मशीलाला, सोबत घेतलं. पोरीसमोर माघारी फिरायला लाज वाटेल, म्हणून.

रविवारी जिंतूरच्या एका नाट्यमंडळाकडून त्यांचा सत्कार होता. 'तालुक्यात आंबेडकरी जलशात उभी राहिलेली पहिली स्त्री' असं पत्रिकेत छापलं होतं. ते खोटं नव्हतं. पण जलशातली आईची भूमिका त्यांच्या आधी नऊ वर्षं सूर्यभान करायचे, हे मात्र कुठेच नव्हतं.

"गडीमाणूस बाईचं काम कामून करायचा, आजी?" धम्मशीलाने वाटेत विचारलं.

"बायका येतच न्हवत्या. आपला जलसा तमाशावाणीच, पण गण-गवळण काढून टाकलेली. आधी बुद्धवंदना, मंग बाबासाहेबांचं गाणं, मंग वग. वगात एक आई लेकराला शाळंत घेऊन येती आन् मास्तर तिला पायरीवरूनच हाकलतो. ती आई सूर्यभानदादा करायचे. मंग अठ्ठ्याहत्तर साली आपल्या जलशाच्या मंडळाला वाटलं, समतेची गाणी म्हणतो आन् आपल्यात बाई एकबी न्हाई. मला घेतलं."

"आन् त्यांना?"

"त्यांच्या हातात डफ दिला," सरजाबाई हळूच म्हणाल्या.

ऐंशीला टेकलेले सूर्यभान अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"या, पहिल्या बाई!" त्यांनी हाक मारली. "शाल देणारेत का लुगडं?"

"दादा, तुमी संगं चला."

"टाळ्या वाजवायला? डफ वाजवून वाजवून हात अजून दुखायलेत माझे."

सरजाबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं विचारलं, "मी तुमचं काम घेतलं. तवा राग आला का?"

"राग? सुटलो मी! मिशी राखली, लगीन जमलं. बाईवाणी चालतो म्हणून कुणी पोरगी देत न्हवतं." ते हसले. मग हातातली शेंग तशीच राहिली. "पण सरजे, ती आई म्हंजे माझी माय होती. पदर कसा धरायचा, पायरीशी कसं थबकायचं, समदं तिचं. ती वारली, तरी नऊ वर्सं दर प्रयोगाला मला भेटायची. तुला शिकवली आन् भेट बंद झाली."

सरजाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. भूमिका गेली म्हणून दादा रुसले, एवढंच त्या धरून बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला.

"उठा दादा. आई आणा. मी मास्तर बनते."

"येडी झालीस का?" म्हणत सूर्यभान उठलेच. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेतला, कडा दातात धरली. पायरीशी आले, पाऊल उचललं आणि परत मागे ठेवलं. धम्मशीलाला समोर म्हातारा दिसेनासा झाला. एक तरणी, भेदरलेली बाई तिथं उभी होती.

"मास्तर, मला नगं, पण लेकराला आत बसवा."

सरजाबाईंनी खेकसायला हवं होतं. पण "दूर... दूर हो," त्या म्हणाल्या, जणू बाळाला झोपवताहेत.

सूर्यभाननी टॉवेल खाली ओढला. "लय मऊ बोलायलीस. असा मास्तर असता तर आपल्याला जलसा काढायची गरजच पडली नसती!"

धम्मशीला फिसकन हसली. सरजाबाईही डोळे पुसत हसल्या.

"पुन्यांदा. जरा खाकरून," सूर्यभान म्हणाले.

या वेळी मास्तर असा कडाडला की पायरीवरचं कुत्रं उठून गेलं. आईचा हात शेजारी नसलेल्या लेकराच्या डोक्याकडे गेला. धम्मशीला हळूच पुढे झाली आणि त्या हाताखाली जाऊन उभी राहिली. हात तिच्या केसांवर टेकला. बराच वेळ तिथेच राहिला.

"सत्काराच्या वक्ताला हेच करू," सरजाबाई म्हणाल्या. "भाषण नगं."

सूर्यभान धम्मशीलाच्या डोक्यावरचा हात न काढताच म्हणाले, "करू की. पण तुझ्या मास्तरला रविवारपर्यंत रोज तालमीला पाठव."