राखाडी चौकोनापाशी बोट थांबतं

तत्त्व क्रमांक एक: मी माझ्या टीमला पडू देत नाही.

वा! निलेशने वाक्य दोनदा वाचलं, स्वतःवरच खूश झाला. कंपनीच्या प्रमुख देविकाने बजावलं होतं, ‘‘शुक्रवारी नव्या मुलांपुढे बोल. डिझाइनची टीम कशी चालवतोस, तुझी फिलॉसॉफी काय, एक पान. एकच हां! तू सुरू झालास की थांबत नाहीस.’’

तत्त्व क्रमांक दोन

दोन येईना. कारण मंगळवारी करी रोडला जे झालं ते मध्येमध्ये येत होतं.

झालं होतं असं. निलेशची पाच जणांची टीम, ऑफिस परळला, काम दवाखान्याची वेळ ठरवायच्या ॲपचं. त्यातला एक अख्खा स्क्रीन गिरगावच्या ओवीने पहिल्यांदाच एकटीने केला होता. पोरगी रंगांच्या बाबतीत सोनारासारखी चोखंदळ. सोमवारी स्क्रीन लोकांच्या फोनवर जाणार. त्याआधी तो सात माणसांच्या हातात देऊन बघायचा. नियम एकच: माणूस अडला तरी आपण तोंड उघडायचं नाही.

सहा जण पास. सातव्या जाईबाई, एकेकाळी गिरणीवाल्यांची खानावळ चालवलेल्या, आता करी रोडच्या टॉवरात बाविसाव्या मजल्यावर. त्यांनी डॉक्टर निवडला. मग वेळेचे राखाडी चौकोन आले आणि बोट हवेतच राहिलं. एक मिनिट. दीड. ओवीचा चेहरा उतरायला लागला.

लालबागच्या निलेशला ते बघवेना. तो खोकला आणि मालवणीत पुटपुटला, ‘‘काकी, त्या दुसऱ्या चौकोनार बोट ठेव.’’

‘‘मगे आदी सांगूचा नाय, मेल्या?’’ म्हणत जाईबाईंनी दाबलं.

ओवीला वाटलं, गाववाले गाववाले बोलतायत. सातपैकी सात!

तत्त्व क्रमांक दोन: विश्वास. (नंतर लिहू.)

बुधवारी ओवी लॅपटॉप घेऊन टेबलाशी आली. ‘‘निलेश, रेकॉर्डिंग सगळं उतरवलं. फक्त इथे तू आणि मावशी काय बोललात ते कळेना. सांग ना, रिपोर्टमध्ये टाकते.’’

‘‘काही नाही गं. गावच्या गप्पा.’’

ती इमानदारीत टाइप करायला लागली. गावच्या. ग.

‘‘खोड ते,’’ निलेश म्हणाला. ‘‘मी त्यांना कुठे दाबायचं ते सांगितलं.’’

ओवीची बोटं तशीच राहिली. ‘‘का?’’

‘‘तुझा चेहरा बघवेना.’’

‘‘आपण माझा चेहरा टेस्ट करत होतो?’’

‘‘अगं, सहा जण झाले होते, एकासाठी कशाला...’’

‘‘त्या अडल्या असत्या तर ते माझं अडणं होतं, निलेश. माझं! तेही तूच घेतलंस? आणि मी काल घरी पेढे नेले!’’

निलेशने तत्त्व क्रमांक एकवर आडवी रेघ मारली आणि देविकाच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. सोमवारचा बेत बारगळला. देविका एवढंच म्हणाली, ‘‘आणि शुक्रवारी हेच सांग. पानाची गरज नाही.’’

गुरुवारी पुन्हा करी रोड. दारातच ओवी म्हणाली, ‘‘तू बाहेर.’’

टॉवर झाला तरी चाळीची सवय. जाईबाईंचं दार सताड उघडं. बाहेर लिफ्टपाशी उभ्या निलेशला सगळं ऐकू येत होतं.

‘‘ह्या सगळा बंद असा मां? शटर ओढल्यासारख्या दिसता.’’

ओवीच्या पेनाची कागदावर खरखर.

‘‘माका नाय जमाचा गो. तो झील खंय गेलो? तो बरोबर सांगता.’’

निलेशचं एक पाऊल दाराकडे गेलंच. दुसरं त्याने लिफ्टकडे नेलं, बटण दाबलं आणि थेट तळमजला गाठला. स्वतःवर त्याचा तेवढा भरवसा नव्हता.

पाऊण तासाने ओवी खाली आली. कागद फडकवत, जणू बोर्डात नंबर आला.

‘‘तीन ठिकाणी अडल्या! तीन!’’

कुठे, हे त्याच्या जिभेवर आलं. दुसऱ्या चौकोनाचं काय करायचं, तेही.

‘‘रस पिणार?’’ त्याने विचारलं.

‘‘आलं-लिंबू घालून,’’ ओवी म्हणाली आणि कागदाची घडी स्वतःच्या बॅगेत टाकून पुढे चालायला लागली.