राहावं म्हणून ठेवलेली नावं

आमच्या घरात चार महिन्यांचं लेकरू होतं आणि त्याला नाव नव्हतं.

दवाखान्यात मनगटाला बांधलेल्या पट्टीवर 'श्रुतीचं बाळ' एवढंच लिहिलेलं. घरी आणल्यावरही ते तेवढंच राहिलं. श्रुती म्हणजे माझ्या नातवाची, यशराजची बायको. गडहिंग्लजची पोरगी, शिकलेली, हसरी. या लेकराच्या आधी तिची दोन गेली. पहिल्याचं नाव तिनं पोटात असतानाच ठेवलं होतं, राजवीर. यशराजनं खोलीला निळा रंग दिला, भिंतीवर ते नाव मोठ्या अक्षरांत काढलं. तो जन्मला तो न रडताच गेला. दुसरीचं बारसं आम्ही मांडव घालून केलं. राजनंदिनी. पाळण्यावर फुलांनी नाव गुंफलं होतं. ती फुलं सुकून काढायच्या आत तिला ताप आला आणि ती गेली. मग ही तिसरी. दिवस भरायच्या आधी आलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली, आणि तरी जगलेली.

बारशाचा विषय निघाला की श्रुती उठून जायची. एकदा मला म्हणाली, "आज्जी, मी नाव घेतलं की कोणतरी ऐकतंय आन् घेऊन जातंय. हिचं कुणाला कळायलाच नको."

ती सगळं करायची. दूध पाजायची, न्हाऊ घालायची, शेक द्यायची. पण बोलायची नाही. कामं तोंड मिटून चालायची. लेकरू तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचं आणि ती मान वळवायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तिच्याशी बोला, हाक मारा, त्याशिवाय लेकरू खुलत नाही. श्रुतीनं मान हलवली आणि घरी येऊन परत तेच. मग हळूहळू लेकरानं तिच्याकडं बघायचं सोडलं. छताकडं बघत पडायचं. रडायचंही कमी झालं. जगलेलं लेकरू हातचं चाललंय, असं मला वाटायला लागलं. आणि त्याची आईसुद्धा.

माझी सून बाळाबाई, म्हणजे श्रुतीची सासू. तिच्याकडं उपाय तयार होता.

"आत्या, तुम्हीच सांगा की हिला. लेकरू राहत नसलं की आपल्यात काय करत्यात? सुपात घालून शेजारणीला विकायचं, मूठभर कोंड्याला परत घ्यायचं, आन् नाव ठेवायचं ते... तसलं."

"कसलं?" श्रुतीनं विचारलं.

"तसलंच की. आत्यांचं जे हाय, त्या जातीचं."

मला हसू आलं. माझं नाव धोंडुबाई. बाळाबाई या घरात आली त्याला एक जन्म झाला, पण ते नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. आमच्यात सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. बाळाबाई त्यात इतकी पक्की, की रानात पायाला धोंडा लागला तरी ती दगडच म्हणते, आणि धोंड्याचा महिना आला की 'तो जादाचा महिना' म्हणते.

"माझ्या माहेरी बी हायत की तसली नावं," श्रुती म्हणाली. "पणजोबा कल्लाप्पा. कन्नडात कल्लु म्हणजे दगडच. आजोबा गुंडाप्पा. त्योबी दगडच, वाटोळा."

"मग झालं तर! बघा, मी सांगतो ते खोटं हाय का?"

"काय झालं तर? ती दोघं जगायची होती म्हणून जगली. माझी पोरगी दगड न्हाय, आत्या." सासूला एवढं सुनावून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

बाळाबाई माझ्यावरच घसरली. "तुम्ही मिठाची गुळणी धरून बसा. जोतिबाला जाऊन आलो, नारळ फोडला, अजून काय करू?"

माझ्या आधी माझ्या आईची किती लेकरं गेली, हे तिनं मला कधी नीट सांगितलं नाही. मी झाले तेव्हा सुइणीनं मला पाट्यावर वरवंट्याशेजारी निजवलं आणि दाराकडं तोंड करून ती ओरडली, "काय न्हाय बाई, धोंडा झालाय, धोंडा!" दाराबाहेर कोण उभं होतं ते तिचं तिला माहीत. जे होतं ते परत गेलं. मी राहिले. पुढं पोरी चिडवायच्या. पन्नाशी उलटल्यावर गावात बायकांचा संध्याकाळचा वर्ग निघाला, तिथं मी अक्षरं शिकले. बाईंनी पहिलं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. सगळ्याजणी लिहून हसत होत्या. मी मात्र माझ्या नावाकडं बघत बसले. केवढं ओबडधोबड नाव, आणि माझ्या आईनं ते कशासाठी धरून ठेवलं होतं.

आम्ही बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतो. त्याला टोपडं घालतो, कुंकू लावतो, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतो. बाळाची पाळी त्यानंतर. जन्मभर मी ते केलं. आधी दगड का, हा प्रश्न मला पडला तो श्रुतीनं दार लावलं त्या दिवशी.

पुढच्या रविवारी यशराजनं जेवायला पाहुणा आणला. यशराज गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आहे. तिथून पंपांचं ओतकाम परदेशात जातं. पाहुणे म्हणजे तो माल तपासायला तुर्कस्तानहून आलेले साहेब. पन्नाशीचे, भरल्या अंगाचे, डोक्याला टक्कल, मिशा मात्र झुपकेदार. हॉटेलचं खाऊन कंटाळले म्हणून यशराज घरी घेऊन आला. ते इंग्रजी बोलत होते, तेही अडखळत, आणि यशराज ते आम्हाला मराठीत सांगत होता.

"पावणं, घ्या की आनी, लाजू नका," म्हणत बाळाबाईनं पांढऱ्या रश्श्याची वाटी तीनदा भरली. भाषा कळली नाही तरी पळी कळते. त्यांनी तीनदा छातीला हात लावला आणि तीनदा प्यायले.

"मानूस चांगला हाय," बाळाबाई मला म्हणाली. "जेवणारा हाय."

हात धुऊन ते पाळण्यापाशी गेले. लेकराला हात लावला नाही. वाकून नुसतं "माशाल्ला" म्हणाले.

"काय म्हणत्यात?"

"नजर लागू नये म्हणून म्हणत्यात," यशराज म्हणाला.

"अगं बया! त्यास्नी बी नजर लागती?"

मग त्यांनी बाळाचं नाव विचारलं. एवढं इंग्रजी मलाही कळलं. श्रुती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ताट उचललं, परत खाली ठेवलं. यशराजनं खालमानेनं दोन-तीन वाक्यांत सगळं सांगितलं. आधीची दोन, ही तिसरी, आणि नाव का नाही ते.

पाहुणे स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "दुर्सुन."

"त्यांचं नाव हाय ते," यशराज म्हणाला.

ते बोलत गेले आणि यशराज सांगत गेला. सांगता सांगता त्याचा आवाज बदलला. दुर्सुन म्हणजे राहू दे, थांबू दे. त्यांचं गाव काळ्या समुद्राच्या वरच्या डोंगरात, चहाच्या मळ्यांत. त्यांच्या आईची आधीची लेकरं गेली. हे झाले तेव्हा तिनं नाव म्हणून दुसरं काही ठेवलंच नाही, राहू दे एवढंच ठेवलं. ते राहिले. त्यांच्या मागं भाऊ झाला, त्याचं नाव दुर्मुश.

"त्याचा अर्थ?" मी विचारलं.

यशराजनं विचारून सांगितलं, "राहिला."

बाळाबाई खदखदून हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला.

"आनी बी नावं हायत म्हणत्यात," यशराज म्हणाला. "त्यांच्या गल्लीत एक म्हातारा होता, त्याचं नाव सातिल्मिश. म्हणजे विकलेला. लेकरू जगावं म्हणून शेजाऱ्याला विकल्यागत करायचे आन् परत आणायचे."

बाळाबाईचं हसणं थांबलं. "विकायचे?"

"व्हय."

"कशाला विकायचे? कोंड्याला?"

यशराजनं विचारलं. पाहुण्यांनी खांदे उडवले. ते त्यांना माहीत नव्हतं.

समुद्रापलीकडचा डोंगर, तिथली कोणी बाई. तिला कोल्हापूर माहीत नाही, मला तिचं गाव माहीत नाही. तिचा देव वेगळा, बोली वेगळी. तिच्याकडून माझ्या आईकडं निरोप घेऊन कोणी आलं नव्हतं. गडहिंग्लजच्या कल्लाप्पाची आई आणि माझी आईसुद्धा एकमेकींना कधी भेटल्या नसतील. रिकाम्या पाळण्याशेजारी बसून प्रत्येकीनं एकटीनं विचार केला, आणि सगळ्याजणी तिथंच पोचल्या. लेकराचं नाव त्याला मिरवण्यासाठी ठेवायचं नाही, त्याला धरून ठेवण्यासाठी ठेवायचं. जगात अजून किती गावं असतील, किती बोलींत दगड असेल, विकलेला असेल, राहू दे असेल. ती सगळी माणसं माझी भावंडं, आणि मी इतकी वर्षं स्वतःला एकटीच धोंडू समजत होते.

"यशराज," मी म्हणाले, "माझं नाव सांग त्यास्नी. अर्थ बी सांग."

त्यानं सांगितलं. पाहुणे उठले, माझ्यासमोर आले, माझा हात दोन्ही हातांत घेऊन ओठांना आणि मग कपाळाला लावला. आपण पायाला हात लावतो तसं ते त्यांच्यात असावं.

तेव्हा श्रुती पुढं आली. तिनं यशराजला मध्ये घेतलं नाही, स्वतःच इंग्रजीत विचारलं. नंतर मला कळलं की तिनं विचारलं होतं, तुमची आई तुम्हाला हाक कशी मारायची?

पाहुणे अंगणात गेले. पाय रोवून उभे राहिले, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि या डोंगरावरून त्या डोंगरावर ऐकू जावी अशी हाक मारली, "दुर्सुऽऽऽन! दुर्सुऽऽऽन!" शेजारची कुत्री भुंकायला लागली. वरच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "काय झालं वं बाळाबाई?"

"काय न्हाय! पावणं हायत!" बाळाबाई ओरडली.

पाहुणे हसत आत आले. मग बसून हळू आवाजात म्हणाले, आणि यशराजनं सांगितलं, "आई दिवसभर हाका मारायची. काम नसलं तरी मारायची. लहानपणी वैताग यायचा. एकदा चिडून विचारलं, काय पाहिजे तुला? तर म्हणाली, काही नको. नुसतं ठेवलेलं नाव काय कामाचं, ते म्हणत राहावं लागतं."

श्रुती माझ्याकडं वळली.

"आज्जी, तुमची आई कशी मारायची?"

माझी आई जाऊन किती पावसाळे झाले. ती हाक आठवायला मला डोळे मिटावे लागले नाहीत. मी काठी टेकून उभी राहिले. ती बांधावर उभी राहून मारायची तशी मारली, "धोंडेऽऽ! ए धोंडेऽऽ!" शेवटचा स्वर ती वर उचलायची. तो आपोआप उचलला गेला.

श्रुती बघत राहिली. माझे हात, माझे केस, माझं बोळकं. मग पाहुण्यांचं टक्कल, त्यांच्या मिशा. आम्ही दोघं खरोखर इथं बसलोय का, हे ती तपासून घेत होती. मग ती आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. निळ्या भिंतीजवळ पाळणा होता. आम्हाला तिची पाठ दिसत होती.

तिचे ओठ आधी नुसते हलले असावेत. आवाज आला नाही. मग आला.

"धोंडे."

बाळाबाईनं तोंडावर हात मारला. "अगं बया! आज्जीचं नाव घेतीस? तोंडावर?"

"गप," मी म्हणाले. "घेऊ दे."

"ए धोंडे," श्रुती म्हणाली. आवाज फाटला, तिनं तो परत गोळा केला. "हिकडं बघ की. मी हाय हितं."

लेकराची नजर छताला लागलेली होती. ती खाली आली. उतरत उतरत श्रुतीच्या तोंडावर येऊन थांबली.

"धोंडेऽऽ!" ती मोठ्यानं म्हणाली.

सासरी मला कोणी नावानं हाक मारली नव्हती. अगं, आई, आत्या, आज्जी. आईनंतर ते नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला कळायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं, "ओ!"

"तुम्हास्नी न्हवं, आज्जी," श्रुती रडत, हसत आतून म्हणाली, आणि तिनं परत हाक मारली.