भरावाची माती

विश्राम तारे यांच्या अंगणात उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत तरुण होत. घोट्याच्या वर माणूस आपल्या वयाचंच राही.

माती किरणोत्सर्गी होती. वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद कारखान्याच्या आवारातून भरावासाठी आलेली. मृणाल पडवळ तिसऱ्यांदा तपासणीला आली तेव्हा द्वारकाकाकू ओटीवर वाल सोलत होत्या आणि विश्रामकाका शेजारी बसून सालं गोळा करत होते. मृणालने रबरी बूट चढवले, अंगणभर यंत्र फिरवलं, मातीच्या पिशव्या भरल्या आणि मग नेहमीचे प्रश्न काढले.

"दिवसातून किती वेळ अनवाणी असता, काकू?"

"आपल्याच अंगणात चपला घालू?"

"परसातली भाजी खाता?"

"तूही खाल्लीस की मागच्या खेपेला. दोनदा वाढून घेतलीस."

मृणालने तेही लिहून घेतलं.

मग तिने पावलं तपासली. काका मासेमारीची लाँच चालवणारे तांडेल होते. चाळिसाव्या वर्षी नांगराच्या साखळीने केलेला व्रण त्यांच्या पायावरून नाहीसा झाला होता. पाय पंचविशीतले भरले. काकूंचे अठराचे.

"जोडवी सकाळी आपोआप गळून पडली," काकू म्हणाल्या.

"लग्न कितव्या वर्षी झालं?"

"एकोणिसाव्या."

बोलता बोलता काकूंचे पाय उठले आणि डोंगराच्या वाटेला लागले. डोंगरापल्याड त्यांचं माहेर होतं. कमरेपासून वर त्या नवऱ्याकडे वळून राहिल्या.

"अहो, मी नाही जात. हे चाललेत."

काकांनी धावत जाऊन त्यांना उचललं आणि ओटीवर आणून बसवलं. पाय हवेत चालतच राहिले.

मृणालने धोक्याच्या रकान्यात 'तीव्र' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली आणि माती खरवडून पिंपांत भरू लागली.

"आता थांबेल ना, बाय?" काकांनी विचारलं.

"बाहेरून येणारं थांबेल, काका. अंगात मुरलंय ते सावकाश उतरेल. अर्धं जायला तीस वर्षं."

"आणि उरलेलं?"

"त्यातलं अर्धं जायला आणखी तीस."

काकांनी बायकोचे पाय मांडीवर घेतले. रात्रीतून ते दहा वर्षांच्या पोरीचे झाले होते. टाचांना ओला चिखल होता. काकूंनी तो ओळखला. त्यांच्या गावच्या तळ्याचा होता.

"द्वारके, तुमच्या गावात मासळी कोण आणायचं?"

"डोक्यावर पाटी घेऊन एक माणूस यायचा. मागून त्याचा पोरगा."

"तो मी."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पन्नास वर्षांत कधी बोलला नाहीत."

"कसा बोलणार? तू नाक दाबून पळायचीस."

मग काका उठले आणि धुण्याच्या दगडापाशी गेले. तेवढाच तुकडा खरवडायचा राहिला होता. चपला बाजूला काढून ते त्या मातीवर उभे राहिले. माणसांनी फावडी थांबवून मृणालकडे पाहिलं.

"काका, बाहेर या. एक मिनिटसुद्धा चालायचं नाही इथे."

"मग तिला एकटीला पाठवू?"

मृणालने हातातल्या यंत्राकडे पाहिलं. आकडा चढत होता. हा तुकडा आधी काढायला सांगणं हे तिचं काम होतं. तिने काकांच्या पायांकडे पाहिलं. बोटं आखूड होत होती.

"आधी जाऊन चहा पिऊन या," तिने माणसांना सांगितलं.

माणसं परत येईपर्यंत काकांचे पाय अकरा वर्षांचे झाले होते. ओटीवरून काकू उतरल्या. काकांनी त्यांचा हात धरला आणि चार लहान पावलं डोंगराला लागली. तिची पुढे, त्याची मागे, ओळख नसल्यासारखी.

"अहो, हळू," काकू म्हणाल्या.

"मी कुठे पळतोय," काका म्हणाले.

पहिल्या वळणावर तिची पावलं पळत सुटली. वर दोघा म्हाताऱ्यांचे हात लांब ताणले गेले. अजून सुटले नव्हते.