सोजराबाईची सरळ नस

अमडापूरच्या बाजारात सोजराबाई वांग्यांच्या ढिगामागून हाळी द्यायची, ती थेट बसथांब्यापर्यंत पोचायची. गळ्यातली गाठ काढायचं ठरलं तेव्हा तिनं डॉक्टर योगिनीला बजावलं, "गाठ काढा, पन आवाज ठेवा. मुक्या बाईची वांगी कोन घेईन?"

नवरा कडूबा हळूच म्हणाला, "थोडा कमी झाला तरी चालते, मॅडम."

योगिनी तेव्हा हसली, पण ऑपरेशनच्या टेबलाशी तिला घाम फुटला. आवाजाची उजवी नस आधी छातीकडे उतरते अन् वळसा घालून गळ्यात परत येते. निदान पुस्तकातल्या माणसांची तरी तशीच येते. या बाईची मात्र वळसाबिळसा न घेता आडवी, सरळ आलेली. दिसायलाही रक्ताच्या शिरेसारखी. शीर समजून बांधायला योगिनीनं खालून दोरा ओवलाच होता. आवळायच्या आधी हात थबकला म्हणून बरं.

बाई शुद्धीवर आली तेव्हा उशाशी उभं राहून योगिनीनं कडूबाला हे सगळं सांगितलं. मग बाईला ताकीद दिली, "विचारेन तेवढंच बोला. वर एक शब्द नाही." सोजराबाईनं मान डोलावली.

"हे कोण उभे आहेत? यांचं नाव सांगा."

सोजराबाईनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा विचारलं, तर नुसतीच मान हलवली. योगिनीला तो दोरा आठवला. नस कापली नव्हती, पण दोऱ्यानं दुखावली असेल तर?

कडूबा खाटेचा दांडा धरून रडायलाच लागला. "अशी चूप नको राहू वं. तुह्या आवाजाबिगर मले घर खायले उठीन."

सोजराबाई एक डोळा किलकिला करून ते मन लावून पाहत होती.

तेवढ्यात नर्स समता औषध घेऊन आली. काय विचारलं ते कळताच तिनं कपाळाला हात लावला. "मॅडम, काकू नवऱ्याचं नाव कशी घेईन? अन् दुसरं बोलायले तुमीच मनाई केली."

योगिनीला आपल्या शहाणपणाची लाज वाटली. "मग उखाण्यात घ्या, काकू."

सोजराबाईनं पदर सारखा केला. आवाज घोगरा होता, पण व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली.

"जगाची नस वळनाची, माही निंघाली सरळ,
आवाजासाठी रडनारे कडूबाराव विरळ."

कडूबानं डोळे पुसले. "मॅडम," तो म्हणाला, "थोडाबी कमी नाही झाला."